डिलीट दाबलं, पण पुसलं कुठे? या चुका टाळा

लॅपटॉप विकायला काढला किंवा दुसऱ्याच्या मशीनवर लॉगिन केलं, की मागे राहिलेल्या खुणा पुसायची आठवण होते. तीही निघायच्या घाईत, आणि मग त्याच त्या चुका होतात.

क्रोममध्ये कंट्रोल+शिफ्ट+डिलीट दाबलं की पुसण्याची खिडकी उघडते. काहीही न वाचता थेट बटण दाबू नका. आधी वरचा कालावधी बघा. तो मुळात ‘ऑल टाइम’वर नसतो, त्यामुळे फक्त शेवटच्या थोड्या वेळाची हिस्टरी जाते आणि महिन्यांची जुनी तशीच राहते. सेव्ह केलेले पासवर्ड आणि फॉर्ममध्ये आपोआप भरली जाणारी माहिती यांच्यावर वेगळी टिक करावी लागते.

याहून महागात पडतं ते सिंक, म्हणजे एका खात्यावरच्या सगळ्या उपकरणांत माहिती सारखी ठेवण्याची सोय. दुसऱ्याच्या मशीनवर स्वतःच्या खात्याने क्रोममध्ये साइन-इन केलं, काम झाल्यावर ‘ऑल टाइम’ निवडून पासवर्डसकट सगळं पुसलं, आणि घरी येऊन बघावं तर फोनमधली हिस्टरी आणि पासवर्डही गायब! सिंक चालू असताना पुसलेलं सगळीकडून पुसलं जातं. म्हणून क्रम पक्का ठेवा: आधी साइन-आउट, मग पुसणं. आणि गूगलची ‘माय अ‍ॅक्टिव्हिटी’, म्हणजे गूगल खात्यात साठणारी तुमच्या वापराची नोंद, हा वेगळा हिशेब आहे. ब्राउझर रिकामा केला तरी तिथल्या नोंदी खात्यात जाऊनच काढाव्या लागतात.

एकाच साइटच्या खुणा नको असतील तर सगळं धुऊन काढायची गरज नाही. फायरफॉक्सच्या हिस्टरीत त्या साइटवर राइट-क्लिक करून ‘फर्गेट अबाउट धिस साइट’ निवडा.

इन्कॉग्निटोत, म्हणजे क्रोमच्या हिस्टरी न ठेवणाऱ्या खासगी खिडकीत, डाउनलोड केलेली फाइल डिस्कवरच राहते. सगळ्या इन्कॉग्निटो खिडक्यांचं सेशन एकच असतं, त्यामुळे एक जरी मागे उघडी राहिली तरी लॉगिन जिवंत असतं. ऑफिसच्या नेटवर्कपासून तर हा मोड काहीच लपवत नाही.

विंडोज+व्ही दाबून क्लिपबोर्डची हिस्टरी बघा. ती चालू असेल तर कॉपी केलेले पासवर्ड तिथे दिसतात.

फोटो डिलीट केला तरी त्याची छोटी प्रतिमा थंबनेल कॅशेत राहू शकते. विंडोजच्या डिस्क क्लीनअपमध्ये ‘थंबनेल्स’वर टिक करा.

आता डिस्क. विकायच्या मशीनची गोष्ट ठरलेली असते: फाइली डिलीट, रिसायकल बिन रिकामी, क्विक फॉरमॅट, झालं काम. मग घेणारा फोटोरेकसारखं डिलीट झालेल्या फाइली परत मिळवणारं फुकट सॉफ्टवेअर चालवतो आणि जुने फोटो एकामागून एक वर येतात. हार्ड डिस्कवर डिलीट केल्याने ती जागा मोकळी असल्याची फक्त नोंद होते, आतला मजकूर हलत नाही. क्विक फॉरमॅट नवी यादी मांडतो, बाकी काही नाही. विंडोज व्हिस्टापासून पूर्ण फॉरमॅट सगळीकडे शून्यं लिहितो. त्याला कित्येक तास लागतात, तेवढे द्या. एवढा धीर नसेल तर डिस्क काढून घरी ठेवा.

एसएसडीचं, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपवर साठवणाऱ्या डिस्कचं, गणित निराळं. तिचा कंट्रोलर (आतली नियंत्रक चिप) नवा डेटा वेगळ्या ठिकाणी लिहितो, त्यामुळे एका फाइलवर सात वेळा लिहून ती नष्ट केल्याचं समाधान खोटं असतं. ट्रिम (कुठली जागा आता नको, हे विंडोजने एसएसडीला कळवणं) चालू असेल तर डिलीट केलेले ब्लॉक साफ होतात, पण कधी, ते कंट्रोलर ठरवतो. पेनड्राइव्ह आणि मेमरी कार्डात ट्रिमचा भरवसा धरू नका. माझ्या मते खरा उपाय पहिल्या दिवशीच करायचा असतो: बिटलॉकर, म्हणजे विंडोजची सगळी डिस्क कुलूपबंद सांकेतिक रूपात ठेवणारी सोय, चालू करून मगच कामाला लागायचं. मशीन देताना ‘रिसेट धिस पीसी’मध्ये ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’ निवडा आणि सेटिंग्ज बदलून ‘क्लीन डेटा’ चालू करा. तो पर्याय मुळात बंद असतो आणि घाईतली माणसं नेमका तोच सोडतात.

एका क्लिकवर सगळं साफ करून देणाऱ्या सॉफ्टवेअरपासून लांब राहा. रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंग्जची नोंदवही) साफ करणाऱ्या रजिस्ट्री क्लीनरच्या वापराला मायक्रोसॉफ्टचाच पाठिंबा नाही, आणि चुकीची नोंद उडाली तर विंडोज पुन्हा टाकायची वेळ येते.