सी कोड दुसऱ्या चिपवर न्यायचाय? आधी वॉर्निंग्स आवरा

मागच्या उन्हाळी कांद्याच्या वेळची गोष्ट. अंबडला आमची छोटी शेड आहे, तिथे कांदाचाळीतले पंखे चालू-बंद करणारा कंट्रोलर बनवतो. कोड लॅपटॉपवर चालवून बघितला, एकदम ओके, मग आठ बिटच्या एव्हीआर (छोटा मायक्रोकंट्रोलर) चिपवर टाकला आणि निफाडकडे एका चाळीत बसवून आलो. दोन दिवसांनी तिथल्या दादांचा फोन, पंखा एकदा फिरला तेवढाच, नंतर हलायचं नाव नाही. दर मिनिटाला ओलावा तपासायचा म्हणून मी मिलिसेकंदात 60 * 1000 लिहिलेलं. लॅपटॉपवर इंट (सी मधला पूर्णांकाचा साधा टाइप) 32 बिटचा, 60000 आरामात बसतात. एव्हीआरवर इंट 16 बिटचा, 32767 च्या पुढे जागाच नाही, म्हणून उत्तर आलं -5536, ते अनसाइन्ड लाँगमध्ये (32 बिटचा, उणे आकडे न ठेवणारा टाइप) गेलं आणि झालं 4294961760, म्हणजे पुढची तपासणी थेट 49 दिवसांनी! तोवर कांद्याचं पाणी झालं असतं. गंमत अशी की सरळ 60000 लिहिलं असतं तर चाललं असतं, कारण इंटमध्ये न मावणारा आकडा कंपायलर (कोडचं चिपच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्रॅम) स्वतःच लाँग धरतो, पण 60 आणि 1000 दोन्ही इंटमध्ये मावतात ना, मग गुणाकारही इंटमध्येच होतो. आता 60यूएल * 1000 लिहितो, यूएल म्हणजे अनसाइन्ड लाँग.

आणि एव्हीआरच्या जीसीसी कंपायलरने वॉर्निंग देऊन हे सांगितलं होतं हो! इंटिजर ओव्हरफ्लो, म्हणजे आकडा टाइपमध्ये मावला नाही, आकड्यासकट. पण त्याच बिल्डमध्ये दीडशेएक फालतू वॉर्निंग्स वाहत होत्या, न वापरलेले पॅरामीटर वगैरे, त्यात ही कोण वाचतंय.

म्हणून पहिलं काम, वॉर्निंग्सची संख्या शून्यावर आणा. जीसीसी आणि क्लँग या कंपायलर्सना डॅश डब्ल्यू ऑल (-Wall) हा ऑप्शन द्या, पण नावावर जाऊ नका, त्यात सगळ्या वॉर्निंग्स येत नाहीत, सोबत डब्ल्यू एक्स्ट्रा आणि डब्ल्यू पेडँटिक लागतंच. साइन्ड आणि अनसाइन्डची तुलना केली तर सी मध्ये ती वॉर्निंग एक्स्ट्रामध्येच आहे. स्टँडर्ड पण सांगून टाका, सी99 किंवा सी11, नाहीतर जीसीसीची स्वतःची एक्स्टेंशन्स गुपचूप चालून जातात आणि दुसऱ्या कंपायलरवर आपटतात. ऑप्टिमायझेशन (कोड वेगवान करायचा ऑप्शन, उदा. ओ2) चालू ठेवूनही एक बिल्ड करा, व्हेरिएबलला व्हॅल्यू न देता वापरलंय ही वॉर्निंग जीसीसीमध्ये बऱ्याचदा ओ2 शिवाय दिसतच नाही. विंडोजवर व्हिज्युअल स्टुडिओ असेल तर डब्ल्यू4.

न वापरलेल्या पॅरामीटरला व्हॉइड कास्ट करा (कास्ट म्हणजे कंसात टाइप लिहून तो बदलणं), विषय संपला. दुसऱ्यांच्या लायब्ररीचे हेडर बोंबलत असतील तर तो फोल्डर डॅश आय (-I) ऐवजी आयसिस्टमने (-isystem) द्या, ते गप्प बसतात.

दुसरं, एकाच कंपायलरवर विसंबू नका. माझी ती चूक लॅपटॉपच्या कंपायलरला दिसणं शक्यच नव्हतं, त्याच्यासाठी 60000 बरोबरच होते. तसंच गेटचारचं (getchar, एक अक्षर वाचणारं फंक्शन) उत्तर चार (char, अक्षराचा टाइप) मध्ये घेऊन ईओएफशी (इनपुट संपल्याची खूण, सहसा -1) तुलना केली की इंटेलवर चालल्यासारखं वाटतं, पण एआरएम लिनक्सवर साधा चार अनसाइन्ड असतो, तो -1 कधी होतच नाही आणि लूप फिरतच राहतो. उत्तर इंटमध्येच घ्या. लाँगचा पण तोच ताप, 64 बिट लिनक्सवर 8 बाइट, 64 बिट विंडोजवर 4. जिथे साइज महत्त्वाची तिथे एसटीडीइंट (stdint.h) हेडरमधले ठरलेल्या साइजचे टाइप वापरा.

ते टाइप वापरले की प्रिंटएफचा (आकडे छापणारं फंक्शन) पिंगपाँग सुरू होतो. यूइंट32_टी लॅपटॉपवर अनसाइन्ड इंट आहे, एव्हीआरवर अनसाइन्ड लाँग, म्हणजे पर्सेंट यू (%u) लिहिलं तर चिपवाला कंपायलर ओरडतो, पर्सेंट एलयू (%lu) केलं की लॅपटॉपवाला. मी यात अख्खी दुपार घालवलीये, शेवटी वैतागून मिसळ खायला गेलो. उत्तर इंटटाइप्स (inttypes.h) हेडरमध्ये आहे, पीआरआययू32 (PRIu32) नावाचा मॅक्रो, तो प्रत्येक ठिकाणी बरोबर फॉरमॅट टाकतो. साइझ_टी ला पर्सेंट झेडयू (%zu).

फंक्शन डिक्लेअर न करता वापरलं, ही वॉर्निंग तर कधीच सोडू नका. जुना कंपायलर समजतो की उत्तर इंटच येणार, आणि फंक्शन पॉइंटर देत असेल तर 64 बिटवर त्याचा अर्धा भाग कापला जातो. 2024 मध्ये आलेल्या जीसीसी 14 पासून ही सरळ एररच आहे, बरं झालं.

डब्ल्यू एरर, म्हणजे प्रत्येक वॉर्निंगची एरर, फक्त आपल्या बिल्ड मशीनवर लावा. दुसऱ्याला देताना मेकफाइलमध्ये (बिल्डच्या सूचनांची फाइल) ठेवलं तर उद्या त्याचा नवा कंपायलर एखादी नवी वॉर्निंग देणार, बिल्ड अडणार आणि फोन तुम्हाला येणार.

आता कास्ट. वॉर्निंग आली की पुढे कंसात टाइप ठोकून मोकळं व्हायचं ही आपली जुनी सवय, माझीही होती. आधी विचारा की व्हॅल्यू खरंच त्यात मावते का, आणि कास्ट नक्की कुठे पडतोय तेही बघा. दहा बिटचा एडीसी (सेन्सरचा व्होल्टेज आकड्यात बदलणारा भाग) 1023 पर्यंत जातो, 100 ने गुणलं की 102300, एव्हीआरच्या इंटमध्ये बसणार नाही. पूर्ण गुणाकाराला कंस करून बाहेरून लाँग लावला तर उपयोग शून्य, आकडा आधीच बिघडलेला असतो, कास्ट आतल्या एडीसीलाच पाहिजे. आणि इथे व्हॅल्यू रन करतानाच कळते म्हणून ऑल आणि एक्स्ट्रा दोन्ही लावूनही वॉर्निंग येत नाही. चिपवर जाणारे असले गुणाकार मी आता कागदावर सगळ्यात मोठा आकडा मांडून हातानेच तपासतो.