मऊ प्रवाळाची छाट कलमं: छोट्या टाकीत ती दगडाला धरतील कशी?

घरातल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत मऊ प्रवाळ (दगडी सांगाडा नसलेला समुद्री जीव) कापून त्याची नवी रोपं करायची, तर टाकी कुठली घ्यावी, दिवा किती वॅटचा असावा यावर हवे तेवढे सल्ले मिळतात. नव्या माणसाचे तुकडे जिथे मरतात, त्या पायरीबद्दल मात्र सगळे एकच सांगतात: कापा आणि सुपरग्लूने चिकटवा. या सल्ल्याने माझं एक अख्खं लेदर कोरल (चामड्यासारखं, छत्रीच्या आकाराचं मऊ प्रवाळ) गेलं. म्हणून बाकीचं भराभर सांगते आणि त्या पायरीवर थांबते.

न्यू जर्सीतल्या घराच्या तळघरात माझी कलमांची टाकी आहे. ७५ लिटरची, उथळ. तळाला वाळू मुद्दामच नाही, कारण उघड्या काचेवर पडलेला तुकडा लगेच दिसतो. छतातल्या ट्यूबलाइटखाली लावतात ती चौकटीची पांढरी प्लॅस्टिक जाळी कापून रॅक केला आहे. बाकी एक छोटा पंप, हीटर, मध्यम उजेडाचा दिवा आणि गाळणीत कार्बन. कार्बन वगळू नका: लेदर कोरल शेजाऱ्यांना मागे रेटण्यासाठी पाण्यात रसायनं सोडतं, आणि एवढ्याशा पाण्यात ती पटकन साठतात.

पाणी आरओ-डीआय फिल्टरने शुद्ध केलेलं, टीडीएस (विरघळलेले क्षार) शून्य; त्यात समुद्री मीठ मिसळलेलं. खारटपणा ३५ पीपीटी (हजार भागांत ३५ भाग), तापमान २५ ते २६ अंश, अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल पचवण्याची ताकद) ८ ते ९ डीकेएच. रिफ्रॅक्टोमीटर (खारटपणा मोजायचं उपकरण) ३५ पीपीटीच्या प्रमाणित द्रावणानेच जुळवा. वाफ होऊन पाणी कमी झालं की भर गोड्या पाण्याची घाला, मीठ मागेच राहिलेलं असतं.

टाकी पिकायला, म्हणजे घाण पचवणारे जीवाणू तिच्यात रुजायला, साधारण चार ते सहा आठवडे जातात. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर येईपर्यंत आत प्रवाळ नको. नायट्रेट मात्र ५ ते १५ पीपीएम (दहा लाख भागांत तेवढे भाग) असू द्या, अगदी निर्मळ पाण्यात मऊ प्रवाळ खंगतं.

सुरुवात केनिया ट्री (झाडासारखं फांद्यांचं मऊ प्रवाळ) किंवा लेदरने करा. झोआंथिडने (दगडावर गुच्छाने वाढणाऱ्या, बटणासारख्या जीवांनी) अजिबात नको. शास्त्राप्रमाणे ते मऊ प्रवाळ नाहीच, आणि त्याच्या काही जातींत, विशेषतः पॅलिथोआत, पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असतं. त्यांचे दगड उकळून साफ करायला गेलेली माणसं वाफेने आजारी पडून दवाखान्यात पोचली आहेत. कुठलंही प्रवाळ कापताना हातमोजे आणि चष्मा घाला, स्वयंपाकघरातली सुरी-पाट वापरू नका.

भारतातल्या वाचकांनी आधी कायदा बघावा. कठीण प्रवाळ आणि समुद्रपंखे वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२च्या अनुसूची १मध्ये आहेत. मालवणच्या समुद्रातून, किनाऱ्यावरून काहीही उचलून आणू नका.

आता ती पायरी. पहिल्या वेळी मी लेदरच्या छत्रीचे आठ तुकडे केले, प्रत्येकाला गोंद लावून दगडावर दाबलं आणि झोपायला गेले. सकाळी दगडांवर गोंदाचे पांढरे टिकले तेवढे शिल्लक होते. तुकडे पंपाच्या तोंडाशी अडकले होते, दोन तर चिरडले होते. भेंडी चिरल्यावर सुटते तशी तार कापलेल्या लेदरला सुटते. गोंद त्या बुळबुळीला चिकटतो, प्रवाळाला नाही. प्रवाळाने बुळबुळ झटकली की गोंदही गेला. दुसऱ्या खेपेला रबरबँड आवळला, तर त्याने तीन दिवसांत तुकडा मधोमध कापला.

मऊ प्रवाळ स्वतःच्या मांसाने दगड धरतं. त्याला तोवर न हलता दगडाला टेकून राहता यावं, एवढंच आपलं काम. आता मी असं करते:

१. धारदार नव्या ब्लेडने एका झटक्यात कापायचं. करवतीसारखं घासायचं नाही. तुकडा निदान दोन-तीन सेंटीमीटरचा हवा.

२. टाकीतल्याच पाण्याच्या वाडग्यात तुकडे हलक्या हाताने हलवायचे. पाणी दुधाळ झालं की बदलायचं. तार सुटायची थांबेपर्यंत, माझ्याकडे साधारण तीन पाण्यांत, हे करायचं. हे पाणी टाकीत परत ओतू नका.

३. लाकडी टूथपिक तुकड्याच्या बुडाजवळून आडवी आरपार घालायची. कापलेली बाजू खडबडीत दगडावर टेकवायची आणि टूथपिकची दोन्ही टोकं रबरबँडने दगडाला बांधायची. ताण काडीवर आला पाहिजे, मांसावर नाही.

४. मशरूम कोरलला (अळंबीसारख्या चपट्या प्रवाळाला) टूथपिकही चालत नाही. त्याचे तुकडे दगडाच्या चुऱ्यावर वाटीत ठेवून वर ओढणीची पातळ नेट बांधायची. मच्छरदाणीचा तुकडा वापरू नका. तिच्यावर कीटकनाशक मारलेलं असू शकतं.

५. रॅक मंद पण सतत वाहत्या पाण्यात ठेवायचा. निपचित पाण्यात जखम सडते, जोराच्या झोतात तुकडा हलत राहतो.

पुढचे दहा ते चौदा दिवस हात लावायचा नाही. तुकडा आक्रसेल, लेदरवर मेणासारखी चकचकीत साय येईल. ही साय रोग नव्हे. लेदर अशीच कात टाकतं, पाण्याच्या ओढीने ती निघून जाते. पण तुकडा काळपट होऊन विरघळू लागला, घाण वास आला, तर त्याच क्षणी बाहेर काढा. तो वाचवायला थांबलात तर शेजारचे चारही जातात.

दोन आठवड्यांनी ड्रॉपरने बाजूने पाणी मारून बघा. वरचा भाग डोलला आणि बूड जागचं हललं नाही, तर मुळाशी मांसाची पातळ झालर दगडावर पसरलेली दिसेल. मगच रबरबँड कापा आणि टूथपिक गोल फिरवत हळू ओढा. भोक काही दिवसांत बुजतं. मग एखाद्या सकाळी छत्रीवर पॉलिप (प्रवाळाचे फुलासारखे बारीक जीव) उघडतात, प्रत्येकाला पिसांसारखे आठ हात. त्या दिवसापासून तुकडा रॅकवरून मुख्य टाकीत हलवायला हरकत नाही. ज्यावरून तुकडे कापले त्या आई-प्रवाळाला मात्र पुन्हा ब्लेड लावण्याआधी निदान तीन महिने जाऊ द्या.