जुनं नाटकाचं प्रिंट घेताय? आधी भिंग काढा

अठराव्या शतकातला इंग्लिश नट गॅरिक, शेक्सपिअरच्या नाटकातल्या तिसऱ्या रिचर्ड राजाच्या भूमिकेत, तंबूत भुतांच्या स्वप्नातून दचकून उठलेला, हात पुढे, बोटं फाकलेली, ते होगार्थ या इंग्लिश चित्रकाराचं 1746चं प्रिंट तुम्ही नेटवर कुठेतरी पाहिलं असेलच. असं काही विकत घेताना फ्रेमच्या प्रेमात पडू नका, पहिलं काम म्हणजे दहापट भिंग लावून सावलीचा भाग बघा, म्हणजे तंबूची घडी वगैरे. तिथे एकसारख्या जाळीत छोटे ठिपके दिसले तर ते नंतरचं फोटो-छपाईचं काम, सरळ पुढे जा. खरं, म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर रेषा कोरून त्यावरून छापलेलं असेल तर एकमेकींना छेदणाऱ्या, मधे जाड टोकाला बारीक होत गेलेल्या रेषा दिसतात आणि शाई बोटाला किंचित उंच लागते (विचारून हात लावा हं).

चित्राभोवती पत्र्याच्या कडेचा दाबलेला चौकोनी ठसा पण शोधा, पण नसला म्हणून लगेच खोटं ठरवू नका, जुन्या लोकांनी समास बिनधास्त कापलेत.

आणि चित्राखाली छापलेल्या तारखेला फार भुलू नका, मी एकदा भुललोय. ती पत्रा प्रसिद्ध झाल्याची तारीख, कागदाची नाही, पत्रे पुढे कित्येक वर्षं छापले जायचे. कागद उजेडासमोर धरा, 1794 नंतरच्या बऱ्याच इंग्लिश कागदांत वॉटरमार्कमध्येच (कागदातच असलेली, उजेडात दिसणारी खूण) साल असतं. लंडनचा जुना प्रकाशक बॉयडेल, त्याच्या शेक्सपिअर प्रिंटांना तर ही टेस्ट कराच, आणि चेहऱ्यावरच्या बारीक रेषा पुसट झाल्या असतील, म्हणजे पत्रा झिजल्यावर छापलेलं असेल, तर भाव निम्म्यावर आणा.