मुलांसाठी वर्गणी काढताय? आधी बुटांची मापं मागवा

आमची सोसायटी ठाण्यात घोडबंदर रोडला, आणि पहिल्या वर्षी आम्ही जे केलं ते तुम्ही करू नका. ग्रुपवर नुसतं "गरीब मुलांसाठी मदत करा" टाकलं, तर आठवड्यात क्लबहाऊसमध्ये चेन तुटलेली दप्तरं आणि एक लग्नातली शेरवानी येऊन पडली, पैसे मात्र जेमतेम.

तेव्हा सुरुवात शाळेपासून करा. येऊरचे आदिवासी पाडे आहेत, शहापूर-मुरबाडला झेडपीच्या शाळा आहेत, अगदी तीन हात नाक्याच्या पुलाखाली सिग्नलवर राहणाऱ्या मुलांसाठी 2016 ला सुरू झालेली सिग्नल शाळा आहे. आधी फोन करून विचारा की काय लागतंय. आपण हौसेने पुस्तकं घेऊन जातो पण झेडपीच्या पोरांना पहिली ते आठवीची पुस्तकं सरकारच फुकट देतं. आम्हाला बाई म्हणाल्या वह्या, छत्री आणि बूट द्या. मापं विचारली तर हसल्याच, मग त्यांनी एकेका पोराचं पाऊल वर्तमानपत्रावर ठेवून पेनाने आखून घेतलं, आत नाव लिहिलं आणि 38 कागद पाठवले. दुकानात ते कागद पसरून आम्ही प्रत्येकाला एक नंबर मोठा घेतला, पाय काय वाढतातच.

त्यातल्याच एका पावलाचा फोटो, नाव झाकून, ग्रुपवर टाकला. एक सेट 650 रुपये, असे 38 हवेत. चार दिवसांत 31 सेटचे पैसे आले! आकडा आणि वस्तू सांगितली की माणूस देतो, आणि पोरांचे केविलवाणे चेहरे दाखवायची काही गरज पडत नाही, ते दाखवूच नयेत असं माझं मत.

वेळ सांभाळा. शाळा 15 जूनच्या आसपास उघडते म्हणून मे मध्ये मागायला जाल तर अर्धी सोसायटी कोकणात. पाडव्याला सुरू करा, एप्रिलमध्ये संपवा.

पैसे स्वतःच्या जीपेवर घेऊ नका, मी घेतले आणि दूधवाल्याचं बिल नि वर्गणी वेगळी करताना रात्रीचे दोन वाजले. सोपा मार्ग म्हणजे नोंदणी असलेली संस्था गाठायची, पैसे थेट तिच्या खात्यात, पावती तिची. संस्थेकडे 80जी नोंदणी असेल तर देणाऱ्याला टॅक्समध्ये सूट मिळते, पण जुन्या रिजीममध्येच, आणि 2000 च्या वर कॅश दिली तर नाहीच. संस्था नसताना बाहेर रस्त्यावर डबा फिरवायचा असेल तर गणपती मंडळं घेतात तशी धर्मादाय आयुक्तांकडून कलम 41 क ची, म्हणजे वर्गणी गोळा करायची, परवानगी घ्या. आणि अमेरिकेतला भाऊ पैसे पाठवतो म्हणाला तर आधी पासपोर्ट कुठला ते विचारा. भारतीय असेल तर चालतं, तिकडचा नागरिक झाला असेल तर संस्थेकडे एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगी घ्यायची सरकारी नोंदणी, लागते.

हिशोब दर रविवारी ग्रुपवर टाका, दुकानाच्या बिलाच्या फोटोसकट. कोणी विचारायच्या आधी.

वाटपाला बॅनर नको, भाषण तर नकोच, बूट बाईंच्या हातून द्या. दोन-तीन जोड जास्तीचे ठेवा कारण जूनमध्ये नवीन ॲडमिशन होतातच. आमच्याकडे झाल्या दोन, जोड एकही नव्हता, आणि ती दोघं दाराशी उभी राहून बाकीच्यांच्या पायांकडे बघत होती.