आलिशान गाडीची सर्व्हिसिंग: कंपनीत की बाहेरच्या गॅरेजात?

आलिशान गाडीची वॉरंटी संपत आली की गोव्यातल्या बहुतेक मालकांपुढे हा प्रश्न उभा राहतो: यापुढेही गाडी ‘कंपनीत’, म्हणजे अधिकृत सर्व्हिस सेंटरला द्यावी, की म्हापसा, फोंडा किंवा मडगावच्या एखाद्या भरवशाच्या गॅरेजात न्यावी? गेली बारा वर्षे एक जर्मन सेडान वापरताना मी दोन्हीकडे गाडी दिली आहे. दोन्हीकडे उत्तम काम झालेले पाहिले आहे आणि दोन्हीकडे मनस्तापही सोसला आहे. त्यावरून माझे मत असे झाले आहे की हा निर्णय एकदाच घेऊन मोकळे होता येत नाही. प्रत्येक कामासाठी तो नव्याने घ्यावा लागतो.

वॉरंटी चालू असेपर्यंत मात्र फार विचार करू नये, गाडी कंपनीतच द्यावी. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी चौदा वाहन कंपन्यांविरुद्ध दिलेल्या आदेशात, ज्यांत बीएमडब्ल्यू आणि मर्सिडीज-बेंझ याही होत्या, असे बजावले होते की केवळ बाहेरून काम करून घेतले म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही. बाहेरच्या सदोष कामामुळे जेवढे नुकसान झाले असेल तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल. पुढे या आदेशाविरुद्ध अपिले झाली. तत्त्व ग्राहकाच्या बाजूचे असले, तरी गिअरबॉक्ससारखा महागडा भाग वॉरंटीत बदलून घ्यायची वेळ आली की बाहेरच्या बिलावरून वाद घालत बसणे कोणालाच परवडत नाही. वॉरंटी पुस्तिकेतील सर्व्हिसिंगच्या मुदती किलोमीटर आणि महिने अशा दोन्ही हिशेबांनी पाळाव्यात. गोव्यात गाडी फारशी पळत नाही, त्यामुळे महिन्यांची मुदत आधी भरते आणि नेमकी तीच विसरली जाते.

वॉरंटी संपल्यावर कामांची मनातल्या मनात विभागणी करावी. इंजिन ऑइल, फिल्टर, ब्रेक पॅड, सस्पेन्शनचे बुश ही कामे चांगले बाहेरचे गॅरेज तितक्याच नीटपणे आणि बऱ्याच कमी खर्चात करते. एअरबॅग, चावी व इमोबिलायझर (चोरी रोखणारी यंत्रणा), सॉफ्टवेअर अपडेट, हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीतील उच्च दाबाची वायरिंग, ही कामे मी कंपनीबाहेर देत नाही. सदोष भागासाठी कंपनीने गाड्या परत बोलावल्या असतील, तर ते काम अधिकृत केंद्रातच आणि विनामूल्य होते. म्हणून गाडी जुनी झाली तरी वर्षातून एकदा चेसिस नंबर देऊन तशी काही नोंद आहे का, हे जरूर विचारावे.

आता आमच्या पावसाळ्याविषयी, कारण गोव्यात खरी परीक्षा तिथेच होते. तीन वर्षांपूर्वीच्या जुलैत, पर्वरीला घराबाहेर आंब्याच्या झाडाखाली उभ्या असलेल्या माझ्या गाडीत डाव्या बाजूचा पायाखालचा गालिचा ओला लागला आणि डॅशबोर्डवर एकदम तीन इशारे पेटले. अधिकृत केंद्राने एक कंट्रोल मॉड्यूल, म्हणजे गाडीतला एक छोटा नियंत्रक संगणक, बदलण्याचे सव्वा लाखाच्या घरातले एस्टिमेट हातात ठेवले. पाणी आत आले कुठून, याचा त्या कागदावर उल्लेखही नव्हता. मी गाडी फोंड्याच्या एका मेकॅनिककडे नेली. त्याने सनरूफ उघडले आणि कोपऱ्यातल्या पन्हळीत पेलाभर पाणी ओतले. पाणी जागचे हलले नाही. मग त्याने नायलॉनची लवचीक तार पन्हळीतले पाणी खाली नेणाऱ्या नळीत हळूहळू सरकवली, तेव्हा कुजलेल्या पानांचा काळा लगदा बाहेर आला आणि पुढच्या चाकाजवळ पाण्याची धार पडू लागली. भिजलेले कनेक्टर त्याने वाळवून साफ केले. ते मॉड्यूल आजही चालू आहे.

या अनुभवावरून बाहेरचे गॅरेज नेहमीच श्रेष्ठ, असे मात्र कोणी समजू नये. त्याआधी दुसऱ्या एका गॅरेजात मी बॅटरी बदलली होती. अनेक जर्मन गाड्यांत नवी बॅटरी बसवल्यावर तिची नोंद स्कॅनरने, म्हणजे गाडीला जोडायच्या तपासणी उपकरणाने, गाडीच्या संगणकात करावी लागते, नाहीतर गाडी तिला जुनी समजूनच चार्ज करत राहते. ती नोंद झाली नाही आणि बॅटरी चौदा महिन्यांत संपली.

म्हणून गॅरेज निवडताना पहिला प्रश्न स्कॅनरचा असावा. साध्या ओबीडी (गाडीने स्वतः नोंदवलेले दोष वाचणाऱ्या) स्कॅनरला मुख्यतः इंजिन व उत्सर्जनाशी संबंधित दोष दिसतात; एअर सस्पेन्शन, एबीएस, गिअरबॉक्स यांच्या मॉड्यूलपर्यंत पोहोचणारे उपकरण त्यांच्याकडे आहे का, आणि कामाआधीचा व नंतरचा स्कॅन रिपोर्ट ते देतात का, हे स्पष्ट विचारावे. दुसरा प्रश्न ऑइलचा. ‘फाइव्ह डब्ल्यू थर्टी टाकतो’ हे उत्तर पुरेसे नाही, कारण त्यातून फक्त ऑइलचा दाटपणा कळतो. मर्सिडीजसाठी २२९.५ किंवा २२९.५१, बीएमडब्ल्यूसाठी लाँगलाइफ-०४, फोक्सवॅगन समूहाच्या गाड्यांसाठी ५०४ ००/५०७ ०० अशा गाडी कंपनीने ऑइलला दिलेल्या मान्यता असतात. आपल्या मॉडेलला कोणती लागते ते पुस्तिकेत पाहून तीच डब्यावर छापलेली आहे याची खात्री करावी आणि सीलबंद डबा आपल्यासमोर उघडायला सांगावे. जो मेकॅनिक या प्रश्नांनी वैतागतो, त्याच्याकडे गाडी ठेवू नये.

सुट्या भागांच्या बाबतीत घाबरण्याचे कारण नाही. बॉश, माहले, झेडएफ, लेमफोर्डर या कंपन्या गाडी उत्पादकांनाही माल पुरवतात, आणि त्यांच्या स्वतःच्या खोक्यात तो अनेकदा स्वस्त मिळतो. धोका डुप्लिकेट मालाचा आहे. पार्ट नंबरसह जीएसटी बिल आणि काढलेला जुना भाग परत मिळणे, एवढ्या दोन अटी घातल्या तरी तो पुष्कळ कमी होतो.

कंपनीने सांगितलेले सगळेच प्रमाण मानू नये, याचे एक उदाहरण गिअरबॉक्स ऑइलचे आहे. काही कार कंपन्या ते ‘आयुष्यभराचे’ म्हणतात, पण अनेक आलिशान गाड्यांतील ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ कंपनीच ते ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा आठ वर्षांत बदलण्याची शिफारस करते. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते. आपल्या दमट हवेत दोन वर्षांची मुदत मुळीच ओलांडू नये.

पुराच्या पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा स्टार्ट मारू नये आणि विम्याचा सर्व्हेअर पाहून जाईपर्यंत कुठेही काही उघडू देऊ नये. अशा वेळी विमा कंपनीच्या कॅशलेस यादीत असलेले केंद्रच सोयीचे पडते.

गाडी पुढे विकायची असेल तर अधिकृत केंद्रातील डिजिटल नोंदींना किंमत मिळते. बाहेर काम करणाऱ्यांनी प्रत्येक बिल, स्कॅन रिपोर्ट आणि त्या दिवशीचे किलोमीटर एका फाइलमध्ये तारखेनुसार लावून ठेवावेत. आणि मोठा दोष निघालाच, तर कंपनीत फक्त तपासणीचे पैसे भरून दोषाचा लेखी अहवाल घ्यावा, तो घेऊन बाहेरच्या मेकॅनिककडे जावे आणि ‘हा भाग खराब का झाला?’ एवढेच दोघांनाही विचारावे. ज्याच्याकडे या प्रश्नाचे उत्तर असेल, त्याला मी काम देतो.