मंगळवेढ्याची ज्वारी, सांगोल्याचं डाळिंब: आधी खड्डा खणा

सोलापूर जिल्ह्यातले हे दोन शेजारी तालुके. मंगळवेढ्याच्या खोल काळ्या रानात रब्बी ज्वारी नुसत्या मुरलेल्या ओलीवर येते. सांगोल्यात मुरमाड, निचऱ्याची जमीन जास्त, म्हणून तिथं ठिबकावर डाळिंब फुललं. पण तालुक्याच्या नावावर भरवसा ठेवू नका. एकाच गटात उथळ माळ आणि खोल गाळाची मळई दोन्ही सापडतात.

म्हणून पेरणीआधी शेतात तीन-चार ठिकाणी मुरूम लागेपर्यंत खणा आणि मातीची खोली मोजा. त्यावरून ज्वारीची जात ठरवा: 30 सेंमीच्या आसपास असेल तर फुले अनुराधा किंवा फुले माऊली, 60 पर्यंत फुले सुचित्रा किंवा मालदांडी, त्याहून खोल असेल तर फुले वसुधा, फुले यशोदा. पेरणी 15 सप्टेंबर ते 15 ऑक्टोबरमध्ये उरका.

भारी काळ्या रानात डाळिंब लावायचा मोह होतो, तो कृपा करून टाळा. मुळाशी पाणी साचलं की मर रोग लागतो आणि उभी झाडं वाळतात. मातीवर लिंबाचा रस टाकून पाहा: खूप फसफसली तर चुनखडी जास्त. तिथं फळबाग लावण्याआधी माती परीक्षण कराच.