गोव्यात तीन-चार महिने राहायचंय? मग बीच सोडून बाकीचं आधी बघा

प्रोजेक्ट असो, बदली असो, इंटर्नशिप असो, नाहीतर बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात घरचं कुणी ॲडमिट असो, गोव्यात तीन-चार महिने काढायची वेळ आली की समोरच्याचं ठरलेलं वाक्य येतं, "मजा आहे बाबा तुझी". मजा आहेच. पण सुट्टीतला गोवा वेगळा आणि सकाळी नऊला वेर्ण्याच्या इंडस्ट्रियल इस्टेटला पोचायचंय, नळाचं पाणी गेलंय, बाहेर धो धो कोसळतोय आणि टॅक्सीवाला तोंडाला येईल तो आकडा सांगतोय, तो गोवा वेगळा. त्यात आपली मराठी माणसांची एक गंमत, आपल्याला वाटतं सीमेवरचं बांदा ओलांडलं की आलं घर, भाषा कळते, देव तेच, मासे तेच, मग विचारायचं काय त्यात. निम्मा वैताग ह्या न विचारण्यातूनच येतो. म्हणून ज्या क्रमाने डोकेदुखी सुरू होते त्याच क्रमाने सांगतो.

सगळ्यात आधी जागा

समुद्राजवळ खोली घेऊ नका. कळंगुट, कांदोळी, हणजूण, हरमल ह्या पट्ट्यात भाडं टुरिस्टच्या हिशोबाने असतं आणि मालकाचा एक डोळा कायम डिसेंबरवर असतो. पावसाळ्यात स्वस्तात मिळालेली खोली सीझन सुरू झाला की "आमचे पाहुणे येताहेत" म्हणून रिकामी करायला लावतात, हे तिकडे नवीन नाही. त्यामुळे पहिला प्रश्न भाड्याचा नकोच, पहिला प्रश्न हा की दिवाळीनंतर आणि ख्रिसमसला मला ठेवणार का, आणि हो म्हणाले तर तेच ॲग्रीमेंटमध्ये लिहून घ्या.

बाजाराच्या जवळ बघा, म्हणजे म्हापसा, पणजी-ताळगाव, पर्वरी, फोंडा, मडगाव, कुडचडे असं काहीतरी. ऑफिस कुठे आहे त्यावर ठरवा, कारण नकाशात गोवा एवढासा दिसतो, 3702 चौरस किलोमीटर फक्त, पण म्हापशात राहून वेर्ण्याला रोज जाणं म्हणजे मांडवी आणि झुआरी दोन्ही नद्या ओलांडणं, आणि मधे पर्वरीचं ट्रॅफिक, तिथल्या उड्डाणपुलाचं काम निघाल्यापासून तर विचारूच नका.

खोली बघताना तीन गोष्टी करा. आतल्या खोलीत दार लावून कुणालातरी फोन लावा, कारण जुन्या घरांच्या चिऱ्याच्या जाड भिंती आणि आजूबाजूच्या टेकड्या, अंगणात फुल रेंज आणि पलंगावर शून्य असं सर्रास असतं. दुसरं, नळाला पाणी किती वाजता येतं आणि वर टाकी केवढी आहे ते मालकाला न विचारता शेजाऱ्याला विचारा. तिसरं, विजेच्या मीटरचा फोटो तारखेसकट काढा आणि बिल सरकारी दराने द्यायचं की मालकाच्या दराने ते तिथल्या तिथे बोलून घ्या. भाडेकरूची माहिती पोलिसांना देणं मालकाचं काम असतं, त्यासाठी आधार, फोटो आणि ऑफिसचं पत्र मागतील तर नाक मुरडू नका, उलट मालक हे मागतच नसेल तर थोडा विचार करा.

गॅससाठी पत्त्याचा पुरावा नाही म्हणून रोज बाहेर खायची गरज नाही. 5 किलोचा छोटा सिलिंडर ओळखपत्रावर मिळतो, इंडियन ऑइलचा "छोटू" तर बऱ्याच पंपांवर असतो.

पोचायचं कुठे, हे तिकीट काढायच्या आधी

विमानतळ दोन आहेत. जुना दाभोळी, तिकिटावर जीओआय, वास्कोजवळ. नवा मोपा, जीओएक्स, 2023 च्या जानेवारीपासून सुरू, पेडणे तालुक्यात, म्हणजे जवळजवळ महाराष्ट्राच्या हद्दीवर. खोली मडगावला आणि विमान मोप्याला असं झालं तर विमानात वाचलेला सगळा वेळ रस्त्यात जातो. मोप्याहून कदंबच्या, म्हणजे गोव्याच्या सरकारी एसटीच्या, बस आहेत, पणजी, म्हापसा, मडगाव, त्या आधी बघा मग टॅक्सीचं. रेल्वेचंही तसंच, म्हापशाला जायचं तर थिवीला उतरायचं, पणजीला जायचं तर करमळीला, आणि करमळी स्टेशन पणजीत नाही, ओल्ड गोव्याकडे आहे, पुढे दहा-बारा किलोमीटर आहेतच. रात्री उशिराची गाडी असेल तर सरळ मडगावला उतरा, तिथे बाहेर निदान काहीतरी मिळतं.

मॅपमध्ये इंग्रजी स्पेलिंग टाकून गाव शोधताना पोर्तुगीज वळण लक्षात ठेवा, नाहीतर साखळीचं सँकेलिम, डिचोलीचं बिचोलिम, हणजूणचं अंजुना आणि केप्याचं क्वेपेम होतं आणि आपण आपल्याच गावाच्या बोर्डाखाली उभं राहून गाव शोधत बसतो.

फिरायचं कसं, हा खरा त्रास

ओला-उबरची सवय सीमेच्या अलीकडेच सोडा. ॲपवर गोवा माइल्स आहे, 2018 पासून, पण आतल्या गावात ती येईलच असं धरून चालू नका. रिक्षा आणि टॅक्सीला बसायच्या आधी भाव ठरवायचा, मीटर दिसत असला तरी. एकटे असाल आणि सामान कमी असेल तर पायलट हा बेस्ट पर्याय, म्हणजे पुढचं मडगार्ड पिवळं असलेली मोटरसायकल टॅक्सी, बाजारात, बसस्टँडवर, चर्चच्या कोपऱ्यावर त्यांचा स्टँड असतो. तिथेही आकडा आधी, बूड नंतर.

रोजच्याला बसच. पणजीहून मडगाव, वास्को, म्हापशाला कदंबच्या शटल आहेत, त्यात आधी खिडकीवर तिकीट काढून मग रांगेने चढायचं, मधे कुठे थांबत नाही, सीटपुरतीच माणसं. ऑफिसच्या वेळेला रांग मोठी दिसते पण भराभर सरकते, घाबरू नका. बाकी गावोगाव फिरतात त्या खासगी मिनीबस. त्यांची तऱ्हा वेगळी. कंडक्टर दारात लोंबकळून "पोणजे पोणजे पोणजे" करत ओरडतो, बस हलतेय असं दाखवतो पण भरल्याशिवाय सोडत नाही, आत ठेचून भरलं तरी "फुडें चल, फुडें" चालूच, आणि तुमची बॅग तुमच्या हातातून घेऊन ड्रायव्हरशेजारी इंजिनाच्या झाकणावर कधी गेली ते कळतही नाही. पैसे सुटे ठेवा, तिकीट बऱ्याचदा मिळत नाही, उतरायचं ठिकाण चढतानाच सांगून ठेवा, "हांगा देंवता", म्हणजे इथे उतरतो, एवढं जमलं तरी पुरे. आणि सगळ्यात महत्त्वाचं, शेवटची बस. पहिल्याच दिवशी आपल्या स्टॉपवरच्या चहावाल्याला विचारा की संध्याकाळी शेवटची किती वाजता. आतल्या गावांना आठनंतर बस मिळणं नशिबावर असतं, आणि रविवारी तर त्याहून कमी.

म्हणून शेवटी सगळे दुचाकीवरच येतात. भाड्याने घ्यायची असेल तर काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेलीच घ्या. पांढऱ्या पाटीची कुणाची तरी घरची स्कूटर स्वस्तात मिळते खरी पण पोलिसांनी अडवलं की दंड आणि वाद दोन्ही आपल्या गळ्यात. घेताना गाडीचा चारी बाजूंनी व्हिडिओ काढा, जुन्या ओरखड्यांवर कॅमेरा नेऊन मालकाचा आवाज येईल असं बोलून घ्या, ओरिजनल लायसन्स किंवा आधार तारण म्हणून देऊ नका. स्वतःची एमएच पाटीची गाडी आणणार असाल तर बिनधास्त आणा, बारा महिन्यांच्या आत परत नेणार असाल तर नंबर बदलायचा प्रश्न येत नाही, फक्त पीयूसी आणि इन्शुरन्स चालू ठेवा, कारण बाहेरची पाटी दिसली की अडवतातच, ह्यावर रागावून उपयोग नाही. हेल्मेट घाला. आणि मॅपने पणजीला केबलवाल्या उंच पुलावर चढवायचा प्रयत्न केला तर ऐकू नका, तो अटल सेतू, त्यावर दुचाकी आणि रिक्षाला बंदी आहे, खालच्या पुलाने जायचं.

पणजीहून पलीकडे बेतीला जायचं असेल तर मात्र गाडी राहू द्या, फेरीबोट आहे, चालत जाणाऱ्याला तिकीट नाही, पाच मिनिटांत पार.

गोव्याचं घड्याळ

दुपारी एकला दुकानं बंद, उघडतात साडेतीन-चारला. हार्डवेअर, स्टेशनरी, शिंपी, काही ठिकाणी औषधाचं दुकानसुद्धा. पहिल्या आठवड्यात ह्याचा भयंकर राग येतो, कारण आपली सुट्टी नेमकी जेवणाच्या वेळेतली. उपाय एकच, सगळी कामं सकाळी नऊ ते साडेबारात किंवा संध्याकाळी पाचनंतर लावायची. रविवारी प्लंबर मिळेल ही आशा सोडायची. बादली, मग, चटई, दोरी, मसाले असलं सगळं एका फेरीत हवं असेल तर शुक्रवारचा म्हापशाचा बाजार, सकाळी लवकर, उन्हं चढली की गर्दी सोसवत नाही.

सकाळच्या खाण्याचा प्रश्न पोदेर, म्हणजे दारोदार फिरणारा पाववाला, सोडवतो. सायकलच्या मागे मोठी टोपली, वर प्लॅस्टिक, आणि तो भोंगा, पों पों. भल्या सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा. तुम्ही झोपेत असाल म्हणून तो थांबणार नाही, पण शेजाऱ्यांकडे बघा, फाटकाला कापडी पिशवी अडकवलेली असते, त्यात पैसे, तो पैसे काढून घेतो आणि पाव टाकून पुढे जातो. दोन-तीन दिवस समोर उभं राहून ओळख करून घ्या, मग तुमचीही पिशवी चालते. मऊ पाव, कडक उंडो, आणि कोंड्याची पोळी, ही शेवटची एकदा खाल्ली की शहरातला ब्रेड खाववत नाही. बाकी कुठल्याही साध्या हॉटेलात सकाळी पातळ भाजी, सुकी भाजी, पाव आणि बन्स मिळतात, खिशाला परवडतात.

मासे खाणाऱ्यांनी कॅलेंडर बघून यावं. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद, त्या दोन महिन्यांत ताजं मिळतं ते कमी आणि महाग, थाळीतला तुकडा बारीक होतो, सुक्या बांगड्यावर आणि सुंगटांच्या किसमुरीवर, म्हणजे सुक्या कोळंबीच्या खोबरं घातलेल्या कोशिंबिरीवर, भागवायचं. सोमवारी बऱ्याच हिंदू घरांत आणि काही खाणावळींत मासे नाहीत, तेही धरून चाला.

आणि चवथ. गणपतीत महाराष्ट्रात बाहेर सगळं चालू असतं, इथे उलट. गोव्यात चवथ घरची, गावच्या मूळ घरी जाऊन करायची, त्यामुळे ते दोन-तीन दिवस पणजीत रस्त्यावर कुत्रं दिसत नाही, खाणावळ बंद, बस कमी, ऑफिसची कँटीन बंद. आदल्या आठवड्यात तांदूळ, अंडी, मॅगी, बिस्किटं, पाण्याचे कॅन भरून ठेवा. कुणी घरी बोलावलं तर लगेच हो म्हणा, गणपतीवर फळं-भाज्या टांगून केलेली माटोळी बघायला मिळेल आणि जेवणही.

पावसाळा असेल तर

छत्री नको, जूनच्या आधीच चांगला रेनकोट घ्या, दुचाकीवर छत्रीचा काही उपयोग नाही. कपडे वाळत नाहीत, म्हणून जीन्स कमी आणि पटकन वाळणारे कपडे जास्त आणा. चामड्याचे बूट, बेल्ट, पाकीट यांच्यावर आठवड्यात पांढरी बुरशी धरते, ते घरीच ठेवून या. कागदपत्रं झिपच्या प्लॅस्टिक पिशवीत. वीज जाते, कधी तासभर, कधी रात्रभर, तेव्हा पॉवर बँक आणि रिचार्जवाला बल्ब हवाच. कौलारू घर असेल तर पहिल्या मोठ्या पावसाआधी मालकाला कौलं बघायला लावा, नंतर माणूस मिळत नाही.

तब्येत आणि पाहुणे

गंभीर काही झालं तर 108. बांबोळीचं जीएमसी, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल, मोठं आणि चांगलं आहे, पण 2018 पासून बिगर-गोमंतकीयांना तिथे फी लागते, त्यामुळे आपलं इन्शुरन्स कार्ड आणि थोडे पैसे जवळ असू द्या. साध्या तापाला म्हापशाचं जिल्हा हॉस्पिटल नाहीतर गल्लीतला डॉक्टर पुरतो.

आता ती गोष्ट जी कुणी आधी सांगत नाही. तुमची गोव्यात खोली आहे ही बातमी मांजराला दूध दिसावं तशी सगळ्या मित्रांना कळते. दहावीनंतर न बोललेलाही "शनिवारी येतोय, चौघंच आहोत" म्हणतो. पहिल्या महिन्यातच नियम लावा, मालकाची परवानगी नाही असं सांगा, आणि मालकालाही सांगून ठेवा की कुणी विचारलं तर हेच सांगा. मालक खूश होतो, खरंच. जे येतील त्यांना जाताना एवढं बजावा की बाटलीवर "फक्त गोव्यात विक्रीसाठी" असं छापलेलं असेल तर ती महाराष्ट्रात घेऊन जाणं गुन्हा आहे, बांद्याला आणि आंबोलीत तपासणी होते, आणि नंतर फोन तुम्हालाच येतो.

निघताना

एक महिना आधी लेखी नोटीस, व्हॉट्सॲपवर असली तरी चालेल. शेवटच्या दिवशी मीटरचा दुसरा फोटो, भिंती-नळांचा व्हिडिओ, मालकासमोर हिशोब, डिपॉझिट हातात किंवा खात्यात आल्यावरच चावी. "नंतर पाठवतो" ह्यावर निघू नका. रेल्वेचं रिझर्वेशन 60 दिवस आधी उघडतं, गणपती, दिवाळी आणि नाताळाच्या आसपास ते पहिल्याच सकाळी संपतं. पुण्या-मिरजेकडे जायचं असेल तर वास्कोहून सुटणारी गोवा एक्सप्रेस बघा, कुळे-लोंढामार्गे जाते. मुंबईकडे कोकण रेल्वेने जाणार असाल आणि पावसाळा असेल तर तिकिटावरची वेळ आदल्या रात्री परत चेक करा, पावसाळी टाईमटेबलमध्ये काही गाड्या मडगावहून नेहमीपेक्षा लवकर सुटतात.